अमेरिकन यादवीतले काळे सैनिक : आठवण नेमकी कोणी ठेवली?

पारंबी

बोस्टनला आलेली आपली मंडळी स्टेट हाउसच्या सोनेरी घुमटाचा फोटो काढतात, तेव्हा त्यांच्या पाठीशीच, रस्ता ओलांडला की कॉमन मैदानाच्या कडेला, ब्राँझचं एक भलंमोठं उठावशिल्प आहे. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. घोड्यावर एक तरुण गोरा अधिकारी आणि त्याच्या मागेपुढे चालणारे काळे शिपाई. खांद्यावर बंदुका, पाठीवर गुंडाळलेली कांबळी, पुढे ढोलवाला पोरगा. ऑगस्टस सेंट-गॉडन्सने हे काम १८८४ साली हाती घेतलं आणि अनावरण झालं ३१ मे १८९७ ला. एवढा वेळ लावल्याबद्दल लोकांनी त्याला बोल लावले, पण जवळ जाऊन पाहिलं की वेळ कुठे गेला ते कळतं. त्याने काळ्या पुरुषांना पैसे देऊन समोर बसवलं आणि एकेक डोकं वेगळं घडवलं. एक दाढीवाला पोक्त, एक गालफडं बसलेला, एकाला अजून मिसरूड फुटलेली नाही. त्या काळी काळ्या माणसाचं चित्र म्हणजे जाड ओठांचं विडंबन, असाच खाक्या होता. इथे प्रत्येक शिपाई कोणीतरी एक माणूस आहे.

घोड्यावरचा अधिकारी कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ, वय २५. पलटण ५४वी मॅसॅच्युसेट्स, म्हणजे बोस्टनच्याच राज्याने उभी केलेली काळ्या शिपायांची. २८ मे १८६३ ला ती याच रस्त्याने बंदराकडे गेली. १८ जुलैच्या संध्याकाळी साउथ कॅरोलायनात, चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट वॅग्नरवर तिने हल्ला चढवला. किल्ल्याकडे जायला वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दलदल. सहाशेच्या आसपास चालून गेले, त्यातले जवळजवळ निम्मे मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. शॉ तटावर पोचून तिथेच पडला. दक्षिणेच्या, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या राज्यांच्या, सैन्याने त्याला मुद्दाम त्याच्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं, अपमान म्हणून. नंतर प्रेत काढून आणायची वेळ आली तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगितलं, आहे तिथेच राहू द्या, याहून चांगली जागा नाही.

हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असेल. मला जे खटकतं ते पुढचं आहे. १८९७ मध्ये शिल्प उभं राहिलं तेव्हा मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरलेली होती. शिपायांची नव्हती. ती मागच्या बाजूला कोरली गेली १९८२ साली. पंच्याऐंशी वर्षं लागली.

यादवीत उत्तरेच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या, सैन्यात सुमारे १,७९,००० काळे शिपाई होते, म्हणजे साधारण दहातला एक. नौदलात आणखी १९,००० च्या आसपास. सुमारे ४०,००० मेले, त्यातले ३०,००० रोगराईने. एवढ्या माणसांची आठवण 'बोस्टनच्या भल्या लोकांनी ठेवली' असं आपण सहज बोलून जातो. माझं म्हणणं, भल्या लोकांच्या किती तरी आधी ती ठेवली खुद्द त्या शिपायांनी, त्यांच्या बायकांनी आणि गावातल्या मजुरांनी. फक्त त्यांच्याकडे ब्राँझ नव्हतं.

चार्ल्सटनचंच घ्या. तिथे श्रीमंतांचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. युद्धाच्या शेवटी दक्षिणेने त्याचा उघड्यावरचा तुरुंग केला. उत्तरेचे २५७ कैदी तिथे मेले आणि त्यांना घाईघाईत पुरलं गेलं. शहर पडल्यावर गोरे मालक पळाले आणि काळ्या मजुरांनी ती प्रेतं काढून रीतसर ओळीने पुरली, भोवती कुंपण घातलं, त्याला चुना मारला, दारावर कमान उभी केली. १ मे १८६५ ला सुमारे दहा हजार माणसं जमली, बहुतेक कालपर्यंतचे गुलाम. पुढे शाळेची तीन हजार पोरं हातात फुलं घेऊन. ५४वी पलटणही संचलनात होती. अमेरिकेतला पहिला 'मेमोरियल डे', म्हणजे मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस, हाच की दुसरा कुठला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला त्या वादात रस नाही. रस आहे तो याच्यात, की पुढे हीच जागा दक्षिणेच्या वेड हॅम्प्टन नावाच्या सेनापतीच्या नावाने बाग झाली आणि १ मेची गोष्ट शहराच्या बोलण्यातून पुसली गेली. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला ती जुन्या कागदांत सापडली तेव्हा विसावं शतक संपत आलं होतं.

अजून बरंच आहे, पण टंकून हात दुखले. प्रतिसादांत लिहिते.

---

शहाजोग

झकास धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. मी कुठेतरी वाचलंय की या ५४व्या पलटणीने पगारच घेतला नाही म्हणे. लढायला तयार आणि पगार नको? आमच्या हापिसात अशी माणसं मिळाली तर एचआर दिवाळी साजरी करेल.

---

पारंबी

शहाजोगराव, नको होता असं नाही. अर्धा नको होता.

गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, वर कपड्यांचा भत्ता. काळ्याला १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ कापायचे, म्हणजे हातात ७. याचं मूळ १७ जुलै १८६२ च्या मिलिशिया कायद्यात आहे. तो कायदा करताना डोक्यात काळे लोक खंदक खणणारे, ओझी वाहणारे मजूर म्हणून होते. पुढे त्यांच्या हातात बंदुका दिल्या, पण पगाराचा आकडा मजुराचाच राहिला. ५४वीच्या लोकांना भरती करताना मात्र बरोबरीचा शब्द दिलेला होता.

त्यांनी सात डॉलर घ्यायला नकार दिला. वरचा फरक आम्ही राज्याच्या तिजोरीतून भरतो, असं मॅसॅच्युसेट्स सरकार म्हणालं. तेही नाकारलं! प्रश्न पैशाचा असता तर घेतले असते. घरी बायकापोरं उपाशी, काहींची तर धर्मादाय अन्नावर, आणि हे अठरा महिने बिनपगारी लढत राहिले. जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कॉर्पोरलने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनला पत्र लिहिलं. त्यात सरळ विचारलंय, आम्ही शिपाई आहोत की मजूर? गुडिंग पुढे पकडला गेला आणि अँडरसनव्हिलच्या बंदी छावणीत जुलै १८६४ मध्ये मेला.

आणि हा प्रकार सगळीकडे एवढ्या सभ्यपणे मिटला नाही. साउथ कॅरोलायनाच्या ३ऱ्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर आपल्या तुकडीला घेऊन अधिकाऱ्याच्या तंबूसमोर गेला आणि बंदुका खाली ठेवल्या. करार पाळला नाही तर आम्ही शिपाई नाही, एवढंच म्हणणं. बंडाचा ठपका ठेवून २९ फेब्रुवारी १८६४ ला त्याला गोळ्या घातल्या, उत्तरेच्याच सैन्याने.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पगार सारखा केला. त्यातही मेख होती. पूर्ण थकबाकी फक्त त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ ला, म्हणजे युद्धाच्या आरंभीच, स्वतंत्र होते. ५४वीत गुलामीतून पळून आलेलेही होते. शॉनंतर पलटणीचा कर्नल झालेला हॅलोवेल क्वेकर या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथाचा. त्याने शपथेचा मसुदाच असा केला की 'त्या तारखेला माझ्या श्रमावर कोणाचाही न्याय्य हक्क नव्हता' असं म्हणायचं. देवासमोर तर कोणाचाच नव्हता! सगळ्यांनी डोळे मिटून शपथ घेतली. कायद्यातली पळवाट इतक्या चांगल्या कामी लागलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

---

जुनापुराणा

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला. यादवी युद्ध गुलामगिरीसाठी झालं हे शाळकरी चित्र आहे. मूळ मुद्दा राज्यांच्या हक्कांचा होता. शिवाय लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निव्वळ लष्करी डावपेच. उत्तरेतल्या लोकांना काळ्यांचा पुळका होता असं समजू नये.

---

अनवट

जुनापुराणा काका, शेवटचं वाक्य मान्य. पहिलं नाही.

राज्यांचे हक्क म्हणजे कसले हक्क? मिसिसिपी राज्याने फुटून निघताना कारणांचं जाहीर निवेदन काढलं, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की आमची भूमिका गुलामीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ च्या भाषणात म्हणाला, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. लढणारेच एवढं छातीठोक सांगत होते, त्यांच्या वतीने आपण का लाजायचं?

जाहीरनामा डावपेच होता, होय. १ जानेवारी १८६३ चा तो कागद काळ्यांना सैन्यात घ्यायचंही सांगतो, कारण माणसं कमी पडत होती. पण डाव लिंकनचा असला तरी पटावर उतरून मेले ते हे लोक. शिवाय ते पकडले गेले तर युद्धकैदी नाहीत, पुन्हा गुलाम, आणि त्यांचा गोरा अधिकारी गुलामांना चिथावणारा म्हणून फाशीला पात्र, असं दक्षिणेने जाहीर केलं होतं. १२ एप्रिल १८६४ ला टेनेसीत फोर्ट पिलो इथे शरण आलेल्या काळ्या शिपायांची कत्तल झाली. हे माहीत असूनही भरती थांबली नाही.

पारंबी, तुम्ही बायकांचा उल्लेख केलात म्हणून केंटकीतल्या कँप नेल्सन या भरतीच्या छावणीचं सांगतो. केंटकी उत्तरेच्या बाजूने राहिलेलं राज्य, त्यामुळे जाहीरनामा तिथे लागू नव्हता. काळा पुरुष फौजेत गेला की मोकळा, पण बायकोपोरं मालकाचीच. म्हणून भरतीला येताना माणसं कुटुंबाला सोबत आणत आणि छावणीच्या कडेला झोपड्या बांधत. नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तिथल्या सेनाधिकाऱ्याने चारशेवर बायकापोरांना गाड्यांत घालून हाकललं आणि झोपड्या मोडल्या. जोसेफ मिलर नावाच्या शिपायाची शपथेवरची जबानी उपलब्ध आहे. त्याचा मुलगा आजारी होता. पहारेकऱ्याला त्याने सांगितलं, थंडीत नेलंत तर पोर मरेल. ऐकलं नाही. रात्री तो सहा मैल चालत निकोलसव्हिलला गेला, तर तिथे काळ्यांच्या प्रार्थनाघरात बायकोपोरं कुडकुडत बसलेली आणि मुलगा मेलेला. रात्रीच परत छावणीत हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला, मुलाला पुरलं आणि परत हजर.

ती जबानी वर्तमानपत्रांत आली, बोंबाबोंब झाली, आणि ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने काळ्या शिपायांच्या बायकापोरांना मुक्त करणारा कायदा केला. हाकललेल्यांपैकी शंभराहून जास्त मेले. मिलरचं कुटुंब एकामागोमाग गेलं, जानेवारीत तो स्वतःही. आता ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ पासून.

---

तळ्यातमळ्यात

बापरे. जोसेफ मिलरचं वाचून सुन्न झाले. हे पुस्तकांत का येत नाही?

अवांतर : आपल्याकडे या युद्धाची खबर कापसाच्या भावाने आली. दक्षिणेची बंदरं उत्तरेने अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची भरणी, शेअरचा वेडाचार आणि १८६५ ला युद्ध संपताच धाडकन सगळं खाली. राजाबाई टॉवर त्याच पैशातला. आपण त्याच्याखालून जाताना मिसिसिपीच्या मळ्यांची आठवण ठेवतो का?

---

दवबिंदू

तळ्यातमळ्यात ताई, अवांतर नाहीच ते. आणखी एक धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना लिहिली, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून हा माणूस तिकडचा अर्थ इकडे लावत होता.

पण पारंबींच्या मुद्द्याच्या उजेडात पाहिलं तर त्या अर्पणात मान आहे तो सोडवणाऱ्या सदाचारी लोकांचा. स्वतः बंदूक उचलून सुटलेल्यांचा नाही. हा दोष फुल्यांचा मी मानत नाही. इंग्रजीतून इथवर येणारं साहित्य बहुतेक गोऱ्या मुक्तिवाद्यांचं आणि मिशनऱ्यांचं, तेच त्यांच्यापर्यंत पोचणार. पण गुलामीतून पळून सुटलेला काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस त्या वेळी हयात होता, त्याची दोन मुलं याच ५४वीत होती. त्याने जुलै १८६३ च्या भाषणात सांगितलं होतं : एकदा का काळ्या माणसाच्या अंगावर 'यू. एस.' ही पितळी अक्षरं, बटणावर गरुड, खांद्यावर बंदूक आणि खिशात गोळ्या आल्या, की याने नागरिकत्व कमावलं नाही असं म्हणायची ताकद पृथ्वीवर कोणात नाही. फुले आणि डग्लस भेटायला हवे होते, राव.

---

बंडू_गोटे

कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आठवला. तिथेही शिपायांची नावं आहेत.

---

पारंबी

आठवणारच. तिथे महार शिपायांची नावं कंपनी सरकारनेच कोरली आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, तेव्हापासून त्या दगडाला वेगळाच अर्थ आला. मात्र या विषयावर इथे सुरू झालं तर पन्नास प्रतिसादांनी धागा भरकटेल हे आपण सगळेच जाणतो. बंडूभाऊ, वेगळा धागा काढा, मी येते.

---

कातरवेळ

मी वॉशिंग्टनच्या बाजूला राहतो, म्हणून इथली भर घालतो.

युद्ध संपल्यावर २३ आणि २४ मे १८६५ ला वॉशिंग्टनमध्ये विजयी फौजांचं दोन दिवस संचलन झालं. त्यात काळी पलटण एकही नव्हती. नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या हॅरिसबर्गला खास त्यांच्यासाठी वेगळं संचलन झालं, तेवढंच. राजधानीत त्यांचं स्वतःचं स्मारक व्हायला १८ जुलै १९९८ उजाडावं लागलं. तारीख मुद्दाम फोर्ट वॅग्नरची.

ते यू स्ट्रीटवर आहे, मेट्रोच्या स्टेशनाच्या नावातच स्मारकाचं नाव आहे. मधोमध एड हॅमिल्टनचं ब्राँझ शिल्प. पुढून शिपाई आणि एक खलाशी दिसतात, मागे जाऊन बघावं तर आतल्या बाजूला कुटुंब आहे, निरोप चाललाय. अनवट यांनी सांगितलेलं वाचल्यावर मला ती मागची बाजूच खरी वाटायला लागली आहे. भोवती कमी उंचीच्या भिंती, त्यांवर पोलादी पत्रे आणि पत्र्यांवर पलटणवार २,०९,१४५ नावं. काळ्या पलटणींचे अधिकारी बहुतेक गोरे, तेही त्यात आहेत, पण शिपायांच्या सोबतच. अक्षरं बारीक. नाव शोधायचं तर आधी पलटण क्रमांक माहीत हवा. लोक कागदावर क्रमांक लिहून आणतात आणि बोट फिरवत वाचत जातात.

आणि हा आसपासचा भाग 'शॉ' नावानेच ओळखला जातो, त्याच कर्नलवरून. म्हणजे शिपायांच्या स्मारकाचा पत्तासुद्धा साहेबाच्या नावाचा!

---

अनवट

पलटण क्रमांकावरून एक महत्त्वाचं. नावं शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. गुलामाला स्वतःचं आडनाव कागदोपत्री नसे. भरती करणारा कारकून मालकाचं आडनाव लावून मोकळा व्हायचा. युद्धानंतर माणूस ते टाकून वडिलांचं किंवा आवडीचं नाव घ्यायचा. मग पेन्शनच्या अर्जात 'उर्फ' येतं, आणि साहेब विचारतो, तोच तू कशावरून?

विधवांचे हाल तर विचारू नका. गुलामांच्या लग्नाला कायदाच नव्हता, तर दाखला कुठून आणणार? १८६४ च्या कायद्याने दोन वर्षं नवराबायको म्हणून एकत्र राहिल्याचा पुरावा चालेल असं ठरवलं. तो पुरावा म्हणजे शेजाऱ्यांच्या, पलटणीतल्या सोबत्यांच्या, सुइणीच्या, कधी कधी तर जुन्या मालकाच्या जबान्या. सरकारी तपासनीस गावात येऊन चौकशी करायचा, बाई आता कोणाबरोबर राहते तेही उकरायचा. अपमानास्पद प्रकार होता. पण गंमत बघा, त्याच फायलींमुळे आज लग्न कुठल्या मळ्यावर लागलं, पोरं किती, शिपाई कोणत्या तापाने मेला, सगळं राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अक्षरशत्रू बायकांनी सांगितलेलं, खाली फुलीची सही केलेलं. पारंबी, तुमच्या 'ब्राँझ नव्हतं' या वाक्याला माझी ही पुरवणी.

---

पारंबी

अनवट, दंडवत. पुरवणीला पुरवणी म्हणून दोन गोष्टी टाकते.

मिसुरीच्या ६२व्या काळ्या पलटणीत बहुतेक सगळे गुलामीतून आलेले. गुलामाला शिकवणं मिसुरीत गुन्हा होता, त्यामुळे हे छावणीत, शेकोटीपाशी अक्षरं गिरवायला लागले. मे १८६५ मध्ये टेक्सासला पाल्मिटो रँच इथे युद्धाची शेवटची चकमक झाली, तिथेही हे होते. पलटण मोडायची वेळ आली तेव्हा ठरलं की घरी जाऊन शाळा काढायची. १३ डॉलर महिन्यावाल्यांनी वर्गणी काढली. ६२वीने अधिकाऱ्यांसकट पाच हजारांवर जमवले, ६५वीनेही भर घातली, आणि १८६६ मध्ये जेफरसन सिटीला लिंकन इन्स्टिट्यूट सुरू झालं. आज ते विद्यापीठ आहे. माझ्या मते अख्ख्या अमेरिकेत या सैनिकांचं याच्या तोडीचं स्मारक नाही. बोस्टनच्या शिल्पावर माझा जीव आहे, तरी हे वरचढ.

दुसरी, सार्जंट विल्यम कार्नी. वॅग्नरवर झेंडेवाला पडल्यावर याने झेंडा उचलला, तटापर्यंत नेला, गोळ्या खात परत आणला. झेंडा जमिनीला टेकू दिला नाही, हे त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च लष्करी पदक, हातात पडलं १९०० साली, सदतीस वर्षांनी. बोस्टनच्या अनावरणाला तो हजर होता. त्याचं जन्मगाव व्हर्जिनियातलं नॉरफोक. तिथल्या काळ्या लोकांनी, जेम्स फुलर या नगरसेवकाच्या पुढाकाराने, वेस्ट पॉइंट दफनभूमीत काळ्या सैनिकांचा स्तंभ उभारायला घेतला. पैसा येईल तसं काम, चौथरा १९०६ चा आणि वरचा पुतळा बसला १९२० ला. वर उभा आहे तो कार्नी. आजूबाजूला सगळीकडे दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे सरकारी इतमामाने उभे राहत होते, त्या काळातली ही गोष्ट.

---

जुनापुराणा

मिसिसिपीचं निवेदन शोधून वाचलं. अनवट म्हणतात तसंच आहे. तरी विचारतो : हल्ली दक्षिणेचे पुतळे पाडतात, ते कशाला? इतिहास आहे तो. दोन्ही बाजूंचे राहू द्यावेत की.

---

कातरवेळ

काका, टेनेसीत फ्रँकलिन गावी साधारण तसंच केलंय. चौकात दक्षिणेच्या शिपायाचा १८९९ चा पुतळा आहे. तो ठेवला आणि २०२१ मध्ये जुन्या कोर्टासमोर काळ्या शिपायाचा ब्राँझचा पुतळा उभा केला, सोबत गुलामांच्या बाजाराची माहिती देणारे फलक. काळ्या शिपायाची नजर त्याच चौकाकडे आहे, जिथे माणसं विकली जायची. काही जणांना ही तडजोड वाटते, काहींना हाच उत्तम तोडगा वाटतो.

---

पारंबी

मला तडजोडच वाटते. ज्याने विकायचा हक्क टिकवायला लढाई केली तो खांबावर उंच आणि ज्याला विकलं तो खाली, हे 'दोन्ही बाजू' नव्हे. पण जिथे दीडशे वर्षं काहीच नव्हतं तिथे काहीतरी उभं राहिलं, तेव्हा फ्रँकलिनच्या लोकांना नावं ठेवणार नाही.

शहाजोगराव, तुम्ही व्यक्तिगत निरोपात विचारलंत म्हणून इथेच सांगते. जुलैत येत असाल तर बोस्टनचं शिल्प नक्की बघा. आणि पुढून फोटो झाला की चार पायऱ्या उतरून मागे जा. नावं तिकडे आहेत.

---

शहाजोग

नोंद घेतली. जेफरसन सिटीला जायला बोस्टनहून थेट विमान आहे का हो?

---

कातरवेळ

थेट नाही. सेंट लुइसला उतरा, तिथून गाडीने दोनेक तास.